आकडा कुठे अडतो?

पुण्याहून बेंगळुरूला निघालेल्या माणसाला कर्नाटकात शिरताच पहिलं जे नाव वाचायला मिळतं ते कोगनोळी. कागल मागे पडतं, दूधगंगेचा पूल येतो, टोलनाका येतो आणि थोड्या वेळात निपाणी. या पट्ट्यातल्या छापखान्यांत, पतसंस्थांत आणि दूध संस्थांत अजून असे संगणक सापडतात की शहरातला माणूस विचारेल, हे चालतं का? चालतं, आणि रोज चालतं. त्यामागे चिकटपणा नाही, अडचण आहे. पतसंस्थेची खाती फॉक्सप्रोमध्ये आहेत आणि तो प्रोग्रॅम लिहिणारा माणूस कधीच दुसऱ्या धंद्याला लागला. दूध संस्थेचं फॅट मोजायचं यंत्र सिरियल पोर्टला जोडलेलं आहे आणि नव्या संगणकाला तो पोर्टच नसतो. छापखान्याचं तर विचारूच नका. लग्नपत्रिकेची एक बाजू मराठी, एक कन्नड, दोन्ही पेजमेकरमध्ये मांडलेल्या, पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी नाहीतर सीडॅकचं आयएसएम टाकून. ते अक्षर युनिकोडच्या आधीचं. फाइल दुसऱ्या मशीनवर नेली की मराठीच्या जागी विलायती चिन्हांचा चिवडा दिसतो. वीस वर्षांची गिऱ्हाइकं त्या एका खोक्यात आहेत, म्हणून खोकं जपायचं.

खोक्यातलं सगळ्यात आधी काय जातं? हार्डडिस्क. मदरबोर्ड टिकतो, मॉनिटर टिकतो, डिस्क कुरकुरू लागते. जुनी असते २० जीबीची, फार तर ४० ची. तेवढी लहान आता मिळत नाही. दुरुस्तीवाला कुठल्यातरी मोडीत निघालेल्या मशीनमधली १६० किंवा ३२० ची काढून लावतो, आणि मग या भागात रोज ऐकू येणारं वाक्य ऐकू येतं: ‘पूर्ण उचलंना झालंय.’

हे वाक्य ऐकलं की आधी एक गैरसमज बाजूला करावा लागतो. ५०० जीबीची डिस्क घेतली, विंडोज ४६५ दाखवतं, दुकानदाराने ३५ जीबी खाल्ले, अशी तक्रार बरेच जण करतात. कुणी काही खाल्लेलं नसतं. डिस्क बनवणारे १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात. विंडोज १,०७,३७,४१,८२४ बाइटांना १ जीबी म्हणतं, कारण १ ला २ ने तीस वेळा गुणलं की तो आकडा येतो. माल तेवढाच, मापं दोन. १६० ची डिस्क १४९ दिसली तर ती पूर्ण आहे. १६० ची १२८ दिसली तर मात्र कुणीतरी अडवलंय. दुरुस्तीला बसताना हा फरक आधी करायचा, नाहीतर चांगल्या डिस्कवर निष्कारण फॉरमॅट मारला जातो.

आता अडवतो कोण, ते पाहू. २०२१ साली कोरोनाच्या दिवसांत आरटीपीसीआरचा अहवाल नाही म्हणून कोगनोळी नाक्यावरून कितीतरी गाड्या परत फिरवल्या गेल्या. गाडी ठणठणीत, रस्ता मोकळा. अडलं ते कागदावर. डिस्कचं तसंच आहे. डिस्कमधली माहिती विंडोजपर्यंत पोचते ती तीन-चार नाके ओलांडून. पहिला नाका डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यातल्या बोलण्याच्या नियमांचा, म्हणजे एटीएचा. दुसरा बायोसचा, म्हणजे मशीन चालू करणाऱ्या मदरबोर्डावरच्या प्रोग्रॅमचा. तिसरा विंडोजच्या ड्रायव्हरचा. चौथा डिस्कच्या अगदी सुरुवातीला लिहिलेल्या पार्टिशनच्या तक्त्याचा. प्रत्येक नाक्यावर एक रजिस्टर, आणि त्यात सेक्टरचा नंबर लिहायला ठरावीक चौकोन छापलेले. नंबर चौकोनांपेक्षा लांब झाला की दोन गोष्टी होतात. शहाणा कारकून चौकोनात मावेल तिथवरच्या गाड्या सोडतो आणि पुढच्या थांबवतो. वेंधळा कारकून मावतील तेवढे शेवटचे अंक लिहितो आणि पुढचे सोडून देतो. पहिल्या प्रकारात डिस्क एका ठरावीक आकड्यावर थांबलेली दिसते. दुसऱ्या प्रकारात ती भलतीच लहान दिसते, किंवा दिसते बरोबर आणि लिहिताना गफलत करते. म्हणून डिस्क न उघडता, नुसता दिसणारा आकडा वाचून कुठला नाका नडतोय ते बहुतेक वेळा सांगता येतं.

हे चौकोन इतके कमी का ठेवले, याची गोष्ट मोठी मजेची आहे.

आयबीएमचा पीसी १९८१ साली आला. १९८३ च्या एक्सटी मॉडेलमध्ये १० एमबीची हार्डडिस्क होती. दहा एमबी, आजच्या फोनमधले दोन-तीन फोटो. त्या काळी डिस्कवरची जागा तीन अंकांनी सांगत. चकत्यांवर एकाखाली एक येणाऱ्या वर्तुळांचा संच म्हणजे सिलिंडर, कोणत्या चकतीची कोणती बाजू वाचायची ते हेड, आणि वर्तुळावरचा तुकडा म्हणजे सेक्टर. एका सेक्टरमध्ये ५१२ बाइट. बायोसला डिस्कवरून काही हवं असेल तर हे तीन अंक प्रोसेसरच्या छोट्या रजिस्टरांत भरावे लागत. जागा वाचवण्यासाठी सिलिंडरला १० बिट दिले, हेडला ८, सेक्टरला ६. म्हणजे १,०२४ सिलिंडर, २५६ हेड आणि ६३ सेक्टर, कारण सेक्टरची मोजणी १ पासून सुरू होते. गुणाकार केला तर साधारण ८.४ जीबी. १० एमबीच्या जमान्यात हे म्हणजे अमाप.

नंतर आयडीई डिस्क आल्या. त्यांच्या एटीए नियमांत तेच तीन अंक, पण वाटणी वेगळी: सिलिंडरला १६ बिट, हेडला फक्त ४, सेक्टरला ८. गुणाकार साधारण १३७ जीबी. हीसुद्धा भरपूर जागा.

पण डिस्कला दोन्ही नाके ओलांडायचे होते. सिलिंडर बायोसच्या मर्यादेत हवेत, म्हणजे १,०२४. हेड एटीएच्या मर्यादेत, म्हणजे १६. सेक्टर ६३. प्रत्येक ठिकाणी दोघांतला कंजूष जिंकला. १,०२४ गुणिले १६ गुणिले ६३ म्हणजे १०,३२,१९२ सेक्टर, म्हणजे ५२,८४,८२,३०४ बाइट. एकाच्या घरात ८.४ जीबीची सोय, दुसऱ्याच्या घरात १३७ ची, आणि दोघांच्या मधे उभ्या राहिलेल्या माणसाला मिळाले अवघे ५२८ एमबी! यात कुणी मूर्खपणा केला असं म्हणता येत नाही. दोघांनी आपापल्यापुरतं पुरेसं ठेवलं, फक्त एकमेकांना विचारलं नाही.

१९९३-९४ च्या सुमारास डिस्का त्या आकड्याला भिडल्या. उपाय निघाला तो सरळसरळ थापेबाजीचा. बायोस एका बाजूला सिलिंडर निम्मे करायचा आणि हेड दुप्पट सांगायचा, पुन्हा निम्मे, पुन्हा दुप्पट, आकडा दोन्हीकडे बसेपर्यंत. जुन्या बायोसच्या पडद्यावर ‘नॉर्मल, लार्ज, एलबीए’ असे पर्याय दिसतात, त्यातला ‘लार्ज’ तो हा. तोवर डिस्कवाल्यांनीही खरं बोलणं सोडलेलंच होतं. बाहेरच्या मोठ्या वर्तुळावर जास्त सेक्टर आणि आतल्या लहान वर्तुळावर कमी, अशी रचना रूढ झाल्यावर ‘प्रत्येक वर्तुळावर ६३ सेक्टर’ हे निव्वळ कागदी राहिलं. लेबलवर १६ हेड लिहिलेल्या डिस्कच्या पोटात दोनच हेड असत. ‘एलबीए’ने मात्र हा खेळ संपवला: सिलिंडर-हेड विसरा, सेक्टरांना शून्यापासून सरळ ओळीने नंबर द्या.

मधले नाके भराभर ओलांडू. काही बायोसांना ४,०९६ सिलिंडरांच्या पुढे मोजता येत नसे, त्यांची डिस्क २.१ जीबीवर थांबे. पण २ जीबीवर पार्टिशन अडलं तर दोष बहुधा बायोसचा नसतो. डॉसची जुनी फॅट-१६ पद्धतच एका पार्टिशनला २ जीबीहून जास्त देत नाही, आणि डॉसवर चालणाऱ्या फॉक्सप्रोच्या मशीनवर आजही हे भेटतं. ८.४ जीबी म्हणजे बायोसचा जुना तीन अंकी दरवाजा. १९९८ च्या आसपासच्या बायोसमध्ये त्याला वाढीव फंक्शनं जोडून तो रुंद केला. १९९९ च्या आधीचे काही अवॉर्ड बायोस ३३.८ जीबीपेक्षा मोठी डिस्क दिसली की चालू होतानाच गोठतात. अशांसाठी काही डिस्कांवर वेगळा जंपर, म्हणजे दोन पिना जोडणारी टिकली, असे. तो लावला की डिस्क स्वतःच ‘मी ३२ जीबीची’ असं सांगते. दुसऱ्याच्या मशीनमधून काढलेली ८० ची डिस्क सगळीकडे ३२ च दाखवत असेल, तर सॉफ्टवेअरशी झटापट करण्याआधी मागच्या पिनांकडे बघा. आठवणीने हा जंपर काढणारे फार थोडे.

हाच ३२ चा आकडा आणखी एका ठिकाणी भेटतो आणि लोकांना चकवतो. विंडोज २००० आणि एक्सपी ३२ जीबीहून मोठं पार्टिशन फॅट-३२ मध्ये फॉरमॅट करून देत नाहीत. तिथे नाका कसलाच नाही, मायक्रोसॉफ्टने स्वतः घातलेलं बंधन आहे. विंडोज ९८ च्या बूट फ्लॉपीने तेच पार्टिशन त्याहून मोठं फॉरमॅट होतं आणि एक्सपी ते गुमान वाचतो.

विंडोज ९८ च्या एफडिस्कची, म्हणजे पार्टिशनं पाडणाऱ्या प्रोग्रॅमची, कथा वेंधळ्या कारकुनाची. ८० जीबीची डिस्क लावली की तो १० जीबी दाखवतो. हिशेब करून बघा: ८० ची डिस्क म्हणजे त्याच्या मापाने ७६,३१९ एमबी. त्याच्या चौकोनात ६५,५३६ पर्यंतच मावतं. वजा केले की १०,७८३ उरतात. डिस्कची उरलेली जागा कुठेही गेलेली नाही, फक्त पडद्यावर चुकीचं छापलंय. मायक्रोसॉफ्टने एफडिस्कची सुधारलेली प्रत काढली होती. ती नसेल तर पार्टिशन एमबीत न मागता टक्क्यांत मागायचं.

आता आपल्या १६० च्या डिस्ककडे येऊ, कारण खरा नुकसानीचा नाका हाच. कॅबिनेट उघडून डिस्क बाहेर काढा. एका टोकाला ४० पिनांची रिबन केबल, शेजारी चार तारांचा पॉवरचा जोड, दोन्हींच्या मधे मास्टर-स्लेव्हचे जंपर. वरच्या लेबलवर बारीक अक्षरांत एक लांबलचक संख्या असते: ३१२५८१८०८. दुरुस्तीवाले ती सहसा वाचत नाहीत. तो एकूण सेक्टरांचा आकडा आहे, ३१ कोटी २५ लाख ८१ हजार ८०८. एटीएने एलबीए पद्धत घेतली तेव्हा तीन अंकांसाठी जे १६, ४ आणि ८ बिट राखलेले होते तेच एकत्र वापरले. बेरीज २८ बिट. २८ बिटांत मावणारी मोजणी २६,८४,३५,४५६ सेक्टरांची. त्याच्या पुढचे ४,४१,४६,३५२ सेक्टर, म्हणजे साडेबावीस जीबी, जुन्या मशीनला नंबरच देता येत नाहीत. विंडोजच्या मापाने मर्यादा बरोबर १२८ जीबी येते, डिस्कवाल्यांच्या मापाने १३७. नडतोय तो हा नाका.

२००१ साली मॅक्सटर कंपनीने इतर कंपन्यांना बरोबर घेऊन नंबर ४८ बिटांचा करायचा प्रस्ताव पुढे रेटला आणि तो एटीए-६ या नियमावलीत आला. विंडोज एक्सपीला ही समज २००२ च्या सर्व्हिस पॅक १ ने आली, विंडोज २००० ला सर्व्हिस पॅक ३ ने, आणि तिथेही रजिस्ट्रीत ‘एनेबलबिगएलबीए’ ही नोंद स्वतः करावी लागते. विंडोज ९८ ला ती मायक्रोसॉफ्टकडून कधीच मिळाली नाही. इंटेलच्या ८१० आणि पुढच्या काही चिपसेटांसाठी इंटेलने स्वतःचा ड्रायव्हर काढला होता, तो बसला तर विंडोजच्या आत काम भागतं. डॉसमध्ये गेलं की पुन्हा बायोसच्या दयेवर.

नुकसान होतं ते असं. डिस्क नव्या मशीनला लावून पूर्ण १४९ जीबीचं एकच पार्टिशन केलं, मग ती जुन्या विंडोज ९८ च्या मशीनला जोडली. पार्टिशनच्या तक्त्यात १४९ लिहिलेलं असल्यामुळे तिथेही आकडा पूर्ण दिसतो. दुरुस्तीवाला खूश, गिऱ्हाईक खूश. महिनोन् महिने काही बिघडत नाही, कारण डिस्क पुढून भरत जाते. ज्या दिवशी एखादी फाइल १२८ च्या पलीकडे पडते त्या दिवशी ड्रायव्हर तिच्या नंबरमधले २८ बिट ठेवतो, वरचा बिट टाकून देतो आणि उरलेल्या नंबरच्या जागी लिहितो. ती जागा डिस्कच्या सुरुवातीची असते. तिथे कुठली फाइल कुठे आहे ते सांगणारा फॅटचा तक्ता, विंडोजच्या फाइली, कधी खुद्द पार्टिशनचा तक्ता. सकाळी मशीन चालू होत नाही, आणि ‘व्हायरस आला’ असं निदान होतं. व्हायरसच्या नावावर खपवल्या गेलेल्या अशा डिस्का मला वाटतं पुष्कळ असतील.

यावरून उपायांचा क्रम ठरतो. सगळ्यात स्वस्त उपाय मोह आवरण्याचा: १६० च्या डिस्कवर पहिल्या १२८ जीबीच्या आतच पार्टिशनं करा, थोडं अलीकडेच थांबा, बाकीची जागा मोकळी सोडा. छापखान्याच्या वीस वर्षांच्या फाइली मिळून तेवढ्या भरत नाहीत. पतसंस्थेची खाती तर पेन ड्राइव्हच्या कोपऱ्यात बसतात. मग पूर्ण १६० चा हट्ट कशाला?

हट्टच असेल तर बायोस नवा करता येतो, मदरबोर्डच्या कंपनीने काढलेला असेल तर. पण फ्लॅश करताना वीज गेली की बोर्ड मेलाच, आणि आपल्याकडच्या विजेचं मी सांगायला नको. यूपीएसची बॅटरी नवी असल्याशिवाय या वाटेला जाऊ नये. त्याहून बरा मार्ग पीसीआय स्लॉटमध्ये बसणाऱ्या कंट्रोलर कार्डाचा. प्रॉमिस कंपनीची अशी कार्डं एकेकाळी बाजारात भरपूर होती. कार्डावर स्वतःचा बायोस असतो. तो मदरबोर्डाच्या जुन्या बायोसला वळसा घालून डिस्कशी थेट बोलतो. तसलंच साटाचं कार्ड घेतलं तर नवी साटा डिस्कही लागते. विंडोजचा ड्रायव्हर मात्र कार्डाबरोबर हवाच, नाहीतर दुसरा नाका उघडून तिसऱ्यावर अडायचं.

एक उपाय मी कुणालाच सुचवणार नाही. ऑनट्रॅक डिस्क मॅनेजर किंवा ईझी-ड्राइव्ह अशी सॉफ्टवेअरं डिस्कच्या पहिल्या वर्तुळावर, विंडोजच्याही आधी, जाऊन बसतात आणि बायोसच्या वतीने बोलतात. कार्डाचा खर्च वाचतो, काम चोख होतं. पण मशीन फ्लॉपीवरून किंवा सीडीवरून चालू केलं तर हा दुभाषा जागाच होत नाही, आणि भरलेली डिस्क कोरी दिसते. पुढचा दुरुस्तीवाला तिच्यावर फॉरमॅट मारतो. लावणाऱ्याने कॅबिनेटवर चिठ्ठी चिकटवली नसेल तर दोष त्याचाच.

खरं सांगायचं तर संस्थांना माझा सल्ला वेगळा असतो. जुन्या मशीनला मोठी डिस्क देऊच नये. त्याच्याकडे जुन्या सॉफ्टवेअरची किल्ली असलेलं डोंगल, सिरियल पोर्ट आणि ४० जीबी एवढंच ठेवावं. नेटवर्कची तार टाकून शेजारी साधं नवं मशीन ठेवावं आणि रोजची खाती, फाइली त्याच्यावर उतरवाव्यात. नेटवर्कवरून येणाऱ्या फाइलीला बायोस, सेक्टर, २८ बिट यातलं काही लागत नाही. दोन मशीनची वीज लागते, हे कबूल.

आता शेवटचा नाका, पार्टिशनच्या तक्त्याचा. तिथे नंबर ३२ बिटांचा. ३२ बिटांत मावतात ४२९ कोटी सेक्टर, म्हणजे २.२ टीबी. २०१० साली ३ टीबीच्या डिस्का बाजारात आल्या आणि पुन्हा तोच वेंधळा कारकून भेटला. ३ टीबीची डिस्क एक्सपीवर किंवा इंटेलच्या जुन्या साटा ड्रायव्हरवर ७४६ जीबी दिसते. ३,००० मधून २,१९९ वजा केले तर उरतात ८०१ जीबी, आणि विंडोजच्या मापात ते ७४६ होतात. ७४६ दिसला की मला डिस्क बघायचीही गरज वाटत नाही. उपाय जीपीटी हा ६४ बिटांचा नवा तक्ता. नेहमीचा ३२ बिटांचा एक्सपी तो ओळखत नाही. विंडोज ७ जुन्या बायोसवर त्याला साठवणीची डिस्क म्हणून घेतं, पण त्याच्यावरून चालू व्हायला बायोसच्या जागी आलेलं यूईएफआय लागतं. महामार्गावरच्या ढाब्यांत कॅमेऱ्यांची चित्रं साठवणारे जे जुने डीव्हीआर आहेत, त्यांतल्या बऱ्याच जणांचीही उडी २ टीबीपर्यंतच. मोठी डिस्क घालण्याआधी डब्यावरचं लेबल वाचावं.

एक्सपीवाल्यांसाठी काही कंपन्यांनी यूएसबीच्या बाहेरच्या डिस्कांत नामी युक्ती केली होती. नंबर ३२ बिटांतच ठेवायचा, पण सेक्टर ५१२ ऐवजी ४,०९६ बाइटांचा सांगायचा. प्रत्येक नंबराच्या पोटात आठपट माल, म्हणून जुन्या तक्त्यातही ३ टीबी बसते. हे सोंग डिस्क घेत नाही; प्लास्टिकच्या डब्यातली छोटी यूएसबी पट्टी घेते. ती पट्टी बिघडली म्हणून डबा फोडून आतली डिस्क सरळ मदरबोर्डाला जोडली, तर ती पुन्हा ५१२ चा हिशेब सांगू लागते आणि सगळी पार्टिशनं गायब दिसतात. डेटा जागच्या जागी असतो. अशा वेळी विंडोज ‘इनिशियलाइझ करू का’ असं विचारतं. तिथे नाही म्हणायचं, आणि त्याच मॉडेलचा दुसरा डबा शोधायचा.